माझ्या सासूबाई, सगळ्यांच्या सासूबाई

आपल्या गोधडीचा फोटो दुसऱ्याच कुणाच्या तरी पेजवर दिसला ना, की आधी राग वगैरे काही येत नाही. आधी आपण झूम करतो. खरंच आपलीच आहे का ते बघतो, कारण पट्ट्यापट्ट्यांच्या गोधड्या लांबून सगळ्या सारख्याच दिसतात, उगाच कुणावर आळ कशाला घ्या. मग खालची शहाबादी फरशी दिसते, तिचा उडालेला टवका दिसतो, आणि ज्या कोपऱ्यात आपलं नाव होतं तेवढा कोपरा बरोब्बर कापलेला असला तरी दुसऱ्या कोपऱ्यात राहून गेलेलं सासूबाईंच्या पायाचं बोट दिसतं, जोडव्यासकट. मग येतो राग.

मी गोधड्या विकते. म्हणजे शिवतात सासूबाई आणि गावातल्या बायका, कराडजवळ आमचं गाव आहे तिथं, आणि मी पुण्यात बसून फोटो, पोस्ट, पॅकिंग, कुरिअर आणि दिवसभर "प्राइस प्लीज" ला उत्तरं देणं हे सगळं बघते. धंदा म्हणावा इतका मोठा नाही आणि छंद म्हणावा इतका छोटाही नाही. जुनी सुती लुगडी, धोतरं, मऊ झालेल्या साड्या आत थराला, वर चांगल्या पट्ट्या, सगळं आधी कच्च्या टाक्यांनी धरून ठेवायचं आणि मग कडेपासून धावदोरा घालत घालत आत आत यायचं, शेवटचा टाका मध्यावर पडतो. सिंगल बेडची एक गोधडी म्हणजे दुपारची भांडी उरकल्यापासून चहाच्या वेळेपर्यंत बसून पंधरा-वीस दिवस. मध्ये भुईमूग काढायला आला किंवा कुणाच्या घरात लग्न निघालं की महिना धरून चाला, सुगीत गोधडीला हात लावायला कुणी मोकळं नसतं.

हे सगळं मी पोस्टमध्ये लिहिते. लोक म्हणतात एवढं कोण वाचतं, पण मला लिहिल्याशिवाय राहवत नाही आणि गिऱ्हाईकं वाचतातसुद्धा. एका गोधडीबद्दल मी लिहिलं होतं की मधली हिरवी पट्टी माझ्या सासूबाईंच्या आईच्या इरकली लुगड्याची आहे, लुगडं विरलं पण गोमी काठ तसाच लाल राहिला, तो टाकून देववेना म्हणून इथं बसवलाय. झालं. फोटोबरोबर हा मजकूरही गेला, शब्दन् शब्द गेला. डीपीला बुलेटवर बसलेला पोरगा, दाढी कोरलेली, आणि खाली लिहिलंय "माझ्या सासूबाईंच्या आईच्या इरकली लुगड्याची". दुसऱ्या एका पेजवर तोच मजकूर आणि त्याच्या खाली "५० पीस रेडी स्टॉक, सर्व कलर उपलब्ध". आजीचं एक विरलेलं लुगडं, त्यात पन्नास पीस, वर सर्व कलर. एकीने ते मशीनकडून हिंदीत करून घेतलं होतं आणि तिथं सासूबाईंच्या आईच्या जागी सासूबाई आणि आई अशा दोघी वेगवेगळ्या आल्या होत्या, म्हणजे आणखी एक बाई वाढली.

सासूबाईंना मी हे दाखवलं. फोटोचं त्यांना काहीच वाटलं नाही. "फोटोच न्हेलाय न्हवं, गोधडी तर हितंच हाय की," म्हणाल्या आणि शेंगा सोलत बसल्या. पण मग मी त्या पोराच्या पेजवरचा मजकूर वाचून दाखवला आणि त्यांनी सुपातला हात थांबवला. "माज्या आयचं लुगडं त्या पोराकडं कसं गेलं?" मी सांगत होते की अहो आई, लुगडं नाही गेलं, नुसतं लिहिलेलं घेतलंय त्याने. त्यांना ते पटलंच नाही. आणि खरं सांगू का, मला त्यांचंच म्हणणं जास्त बरोबर वाटतं.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात, इंटरनेटवर टाकलं की जाणारच. मलाही बरेच दिवस असंच वाटायचं. ज्या दिवशी एका गिऱ्हाईक बाईंनी मला माझाच फोटो पाठवला त्या दिवशी हे वाटणं संपलं. "ताई हीच गोधडी दुसरीकडे ८९९ ला आहे, फ्री शिपिंग आहे, कॅश ऑन डिलिव्हरी पण आहे. तुम्ही ३२०० सांगताय. एवढा फरक कसा काय?" आणि खाली पुरावा म्हणून स्क्रीनशॉट, त्यात माझी फरशी, माझा टवका, आमच्या आईंचं जोडवं. म्हणजे मी महाग आहे हे सिद्ध करायला माझाच फोटो. बाईंचं तरी काय चुकलं, त्यांना दोन ठिकाणी एकच वस्तू दिसतेय, एक तिप्पट-चौपट भाव सांगतेय, त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच विचारलं असतं. मी म्हटलं, अहो हा फोटो माझा आहे. त्या म्हणाल्या, ते पण असंच म्हणतात.

इथं माझी खरी कळ आहे. फोटो गेला तर जाऊ दे, उद्या दुसरा काढू. पण तोच फोटो ८९९ च्या वस्तूवर चिकटला की ३२०० हा आकडा लूट वाटायला लागतो. पंधरा दिवस पाठ मोडून बसलेल्या बाईला जे द्यायचं ते त्या आकड्यात असतं, कापड असतं, दोरा असतो, धुऊन वाळवून इस्त्री करायची असते, माझेही थोडे असतात. हे सगळं मी लिहून लिहून लोकांना पटवलेलं असतं, आणि नेमकं तेच लिहिलेलं उचलून कुणीतरी स्वस्त मालाला लावतं. त्याला स्वतःची वेगळी गोष्ट रचायचीसुद्धा गरज पडत नाही.

रिसेलर म्हटलं की लगेच चोर, असं मात्र मी म्हणणार नाही, आणि जे म्हणतात त्यांच्याशी माझं वाजतं. लॉकडाऊनमध्ये, २०२० ला, किती बायकांनी हे सुरू केलं बघा. नवऱ्याचा पगार अर्धा झालेला, हातात फोन, ओळखीच्या शंभर-दोनशे बायकांचा ग्रुप. साडी असो, कुर्ती असो, मसाले असोत, कुणाचातरी फोटो आपल्या ग्रुपवर टाकायचा, शंभर-दीडशे वर लावायचे, ऑर्डर आली की मूळ माणसाला पैसे पाठवून माल थेट गिऱ्हाइकाच्या पत्त्यावर पाठवायला सांगायचा. यात वाईट काहीच नाही, मंडईत गाळेवालासुद्धा हेच करतो. माझ्याकडे अशा दोघी-तिघी आहेत ज्या पहिल्यांदा विचारून आल्या, "ताई तुमचे फोटो टाकू का, मी इतके लावून विकीन, चालेल ना?" अहो चालेल काय, पळेल. पहिल्या वर्षी माझ्या निम्म्या गोधड्या त्यांनीच विकल्या असतील. मला त्या कॉलनीत, त्या शाळेच्या ग्रुपमध्ये, त्या भिशीत कोण ओळखत होतं?

त्रास सुरू होतो तो न विचारणाऱ्यांचा, आणि त्यातही दोन जाती आहेत. एक, ज्या फोटो न विचारता टाकतात पण ऑर्डर आली की येतात माझ्याकडेच. "ताई होलसेल रेट सांगा." यांचा प्रॉब्लेम असा की त्यांनी तोपर्यंत गिऱ्हाइकाला चार दिवसांत डिलिव्हरी, हवा तो रंग, आवडलं नाही तर रिटर्न, असं सगळं कबूल करून टाकलेलं असतं. आता आजीच्या लुगड्याची पट्टी निळ्या रंगात कुठून आणू? मग चिडचिड, मग "एवढा अॅटिट्यूड बरा नव्हे ताई" असा मेसेज, मग ब्लॉक. आणि दुसरी जात म्हणजे ज्यांना माझ्याकडून काही घ्यायचंच नसतं, त्यांना फक्त फोटो हवा असतो.

पहिल्या जातीतल्या एकीला मी एकदा फोन लावला होता. चांगलं सुनवायचं ठरवूनच लावला होता. मागे पोर रडत होतं, कुकरची शिट्टी झाली, आणि ती बिचारी एवढी घाबरली की मलाच कसंतरी झालं. तिला तो फोटो तिच्या नणंदेच्या ग्रुपवरून आलेला, नणंदेला कुणा मॅडमकडून, मॅडमना "हँडमेड होलसेल महाराष्ट्र" असल्या कुठल्यातरी ग्रुपवरून. "मला वाटलं फोटो कंपनीचा आहे ताई." कंपनीचा! शहाबादी फरशी आणि पायाचं बोट असलेला कंपनीचा फोटो. पण तिचं खरं होतं, तिच्यापर्यंत आला तेव्हा त्यावर कुणाचंच नाव नव्हतं. ते नाव कुठल्या टप्प्यावर कापलं गेलं हे शोधायला गेलं तर प्रत्येक जण मागच्याकडे बोट दाखवतो आणि बहुतेक जण खरंच बोलत असतात. फॉरवर्डच्या या साखळीत चोर म्हणून कुणाची कॉलर धरावी असा माणूसच सापडत नाही. तिने फोटो काढून टाकला, सॉरी म्हणाली, आणि आता ती माझ्याकडून रीतसर दुपटी घेते. महिन्यातून दोन-चार जातात, बाळंतविड्यात द्यायला.

दुसऱ्या जातीचा अनुभव वेगळा. मागच्या पावसाळ्यात एका अनोळखी नंबरवरून मला आधी चार-पाच व्हॉइस मेसेज आले, सगळे भांडणाचे. लेकीच्या बाळाच्या बारशाला द्यायला म्हणून घेतली, लाज वाटली सगळ्यांसमोर, हातची शिवलेली म्हणून सांगता आणि असला माल पाठवता, तुमच्यासारख्या लोकांमुळेच वगैरे वगैरे. मला काही कळेना, त्या नावाची माझ्याकडे ऑर्डरच नव्हती. विचारलं तर कळलं की त्यांनी जिथून घेतली त्याने पार्सल पोचल्यावर फोन उचलणं बंद केलं, मग त्यांच्या जावयाने तो फोटो गूगल लेन्सला टाकला आणि तिथून माझं पेज निघालं. म्हणजे शोधाशोध एकदम बरोबर केली होती, फोटोचा मूळ मालक सापडला होता, फक्त शिव्या खायला.

मी म्हटलं, काकू, मला जरा व्हिडिओवर दाखवता का. त्यांनी दाखवली. निळ्या-पिवळ्या चौकटी होत्या, लांबून बरी दिसत होती. म्हटलं जवळ न्या कॅमेरा. आणि मग मला जे दिसलं त्यावर माझा विश्वास बसेना, त्या कापडावर टाके छापलेले होते. पट्ट्या जोडलेल्या नव्हत्या, पट्ट्यांचं चित्र छापलेलं होतं, आणि प्रत्येक पट्टीच्या कडेने पांढऱ्या बारीक रेघा, धावदोऱ्यासारख्या, त्याही छापलेल्या. सगळ्या एका मापाच्या. मधून मशीनची एक नागमोडी शिलाई, आत फायबर. मी म्हटलं काकू, आता उलटी करा. उलट बाजूला नुसतं गुळगुळीत पॉलिस्टर, एक टाका नाही.

खरी गोधडी ओळखायची असेल ना तर एवढंच करायचं, उलटी करायची. धावदोरा दोन्हीकडून दिसतो, आणि कुठंही दोन टाके एका लांबीचे नसतात. आमच्या आईंचे टाके सुरुवातीला बारीक आणि मध्याकडे जाता जाता मोठे होतात, कारण तोवर कंटाळा आलेला असतो. शेजारच्या काकूंचा दोरा कोपऱ्यात वळताना नेहमी थोडा आखडतो. गाठी दिसतात, कधी एखादं ठिगळ वाकडं बसलेलं असतं. हे सगळं त्या काकूंना मी व्हिडिओ कॉलवरच आमच्या घरातली एक गोधडी उलटी करून दाखवलं, आणि त्यांचा आवाज हळूहळू खाली आला. मग म्हणाल्या, पण फोटो तर हाच होता की हो.

कायद्याचं बघितलं मी, बघितलं नाही असं नाही. बिल्डिंगमध्ये एक वकील मुलगी राहते, तिने समजावून सांगितलं. १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे, त्यात फोटो ही कलाकृती धरली जाते, आणि हक्क मिळायला कुठं नोंदणी करावी लागत नाही, फोटो काढला की हक्क आलाच. मजकुराचंही तेच, माझं ते वर्णन कायद्याच्या दृष्टीने साहित्यकृती आहे म्हणे! बारावीच्या निबंधानंतर मी काही लिहिलेलं नव्हतं आणि एकदम साहित्यकृती. फोटोचा हक्क पहिल्यांदा ज्याने काढला त्याचा असतो, वस्तू कुणाची याला महत्त्व नाही, आणि आमच्याकडचे बरेचसे फोटो माझी लेक काढते, म्हणजे कायद्याने बघायला गेलं तर मालकीण ती. तिने हे ऐकल्यापासून प्रत्येक फोटोमागे आइस्क्रीम मागायला सुरुवात केलीय. हा हक्क फोटो काढणाऱ्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं राहतो, म्हणजे तिच्या नातवंडांनासुद्धा आइस्क्रीम.

शिक्षाही आहे कायद्यात, जाणूनबुजून केलं असेल तर सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड. ऐकायला भारी वाटतं. पण ३२०० च्या गोधडीसाठी कोर्टात कोण जाणार, आणि कुणावर, त्या पेजवर तर नावसुद्धा नसतं, "आराध्या कलेक्शन" छापाचं काहीतरी आणि एक नंबर. त्यामुळे माझ्यासारखीच्या हातात राहतो तो रिपोर्टचा फॉर्म. कॉपीराइट नियम २०१३ चे आहेत, त्यात असं आहे की रीतसर लेखी तक्रार आली की वेबसाइटवाल्यांनी ती लिंक ३६ तासांत बंद करायची, पण पुढच्या २१ दिवसांत तुम्ही कोर्टाचा आदेश आणला नाही तर ती परत चालू करायला ते मोकळे. आयटीचे २०२१ चे नियम आहेत त्यात तक्रार अधिकारी नेमलेला पाहिजे, त्याने २४ तासांत पोच द्यायची, ठरलेल्या मुदतीत निकाल. पोच येते, ती खरंच येते. पुढे कधी फोटो जातो, कधी "तुमची मालकी आम्हाला पडताळता आली नाही" असं इंग्रजीत येतं. तेव्हा मूळ फाइल कामाला येते, फोनमधली, जशी काढली तशी, कारण व्हॉट्सअॅपवरून फिरलेल्या फोटोत कधी काढला, कुठल्या फोनने काढला ही माहिती उरतच नाही. मी आता मूळ फोटो डिलीट करत नाही, आणि काही दिसलं की भांडायच्या आधी स्क्रीनशॉट घेते, कारण स्टोरी असेल तर चोवीस तासांत गायब, आणि आपण मेसेज केला की उरलेलंही गायब. बंद ग्रुपमध्ये काय चाललंय ते तर दिसतच नाही, तिथं कुणी ओळखीचं असलं आणि त्याने कळवलं तरच.

मला यातली खरी गंमत नंतर कळली. कायदा माझ्या लेकीने दोन मिनिटांत काढलेल्या फोटोला सांभाळतो, मी चहा पिता पिता लिहिलेल्या दहा ओळींना सांभाळतो. आणि ज्याच्यावर सगळं उभं आहे, ते वीस दिवसांचं काम, ते पट्ट्यांचं बसवणं, कोपऱ्यात घातलेलं फूल, त्याला काय आहे? उद्या कुणी मशीनवर अगदी आमच्यासारखी नक्षी काढली आणि फोटो स्वतःचा काढला, तर मी काही म्हणू शकत नाही. डिझाइनचा २०००चा वेगळा कायदा आहे पण तिथं नक्षी नवी पाहिजे आणि नोंदणीच्या आधी कुठं प्रसिद्ध झालेली नको, मी तर काढली की आधी पोस्ट करते. आणि खरं म्हणजे मला ते करायचंही नाहीये. ही नक्षी माझी कुठं आहे? सासूबाईंकडे त्यांच्या आईकडून आली, त्यांच्याकडे आणखी कुणाकडून. कर्नाटकात सिद्दी म्हणजे मूळच्या आफ्रिकी समाजाच्या बायका कवंदी शिवतात, त्यांची गोधडीच ती, त्यांचंही कडेकडून आत शिवत येणं तसंच आणि कोपऱ्यातलं फूलही तसंच. कोल्हापूर-सांगलीकडे गोधडीला वाकळ म्हणतात. कुणी कुणाकडून घेतलं याचा हिशोब लावायला बसलं तर मीच रिसेलर ठरेन.

कोल्हापुरी चपलेचं झालं तेव्हा सगळ्यांचं रक्त उसळलं होतं, आठवतंय ना, जून २०२५, मिलानला प्राडा या बड्या इटालियन फॅशन कंपनीच्या शोमध्ये तशाच चपला दिसल्या आणि कोल्हापूरचं नाव कुठंच नाही. त्या चपलेला तर जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकचे चार असे आठ जिल्हे मिळून, आमचा साताराही त्यात आहे. तरी हायकोर्टात गेलेली याचिका टिकली नाही, कारण गेलेले वकील होते, जीआय ज्यांच्या नावावर आहे ते नव्हते. पण आरडाओरडा झाला म्हणून प्राडाला भारतातल्या कारागिरांचं नाव तरी घ्यावं लागलं. तेव्हा माझ्या सगळ्या ग्रुपवर "आपली संस्कृती चोरली" चे मेसेज फिरत होते आणि त्याच ग्रुपवर, त्याच आठवड्यात, वरच्या-खालच्या मेसेजला कुणाकुणाच्या हातच्या वस्तूंचे नावं कापलेले फोटो, "इच्छुकांनी पर्सनलवर या". मोठ्याने केलं की चोरी आणि शेजारणीने केलं की "अगं घरबसल्या काहीतरी करतेय ती". मला दोन्हीचा राग सारखाच येतो असं नाही, शेजारणीला मी समजून घेते, पण निदान नाव कापू नये.

वॉटरमार्कचं विचाराल तर सगळं करून झालंय. कोपऱ्यात टाकलं तर कापतात. मध्यावर टाकलं तर गिऱ्हाईकच म्हणतं ताई प्लेन फोटो पाठवा, नीट दिसत नाही. शिवाय आता फोनमध्येच पुसायची सोय आलीय, बोटाने गोल केला की नाव गायब आणि खालची पट्टी जशीच्या तशी. मग मी कागदावर हाताने नाव लिहून ती चिठ्ठी गोधडीच्या घडीत अर्धी खोचून फोटो काढायला लागले, ते जरा टिकतं, पण फोटो दुकानातल्या लेबलासारखा दिसतो आणि लाइक कमी येतात. सगळ्यात जास्त टिकतं ते माणूस. शिवणारीचा हात फोटोत असला, बांगड्या, सुई, अंगठ्याला पडलेला सुईचा घट्टा, तर रिसेलर सहसा तो फोटो घेत नाही, त्याला तो उपयोगाचा नसतो. सासूबाईंना आधी आवडायचं नाही, आता त्याच विचारतात, "हात येऊ दे का मदी?" शिवताना त्या शेवटचा भाग मिटवायच्या आधी आत चिमूटभर हळद-तांदूळ टाकतात, गोधडी उपाशी ठेवू नये म्हणून, त्याचा व्हिडिओ मी टाकला तर तो मात्र कुणीच उचलला नाही. ५० पीस रेडी स्टॉकवाल्याला तो कुठं लावता येणार?

नाव घेऊन पोस्ट टाकायचा मार्ग आहे, पुष्कळ जणी टाकतात, "यांच्यापासून सावध राहा" आणि स्क्रीनशॉट. मी नाही टाकत. माझ्या ओळखीची एक टेराकोटाचे दागिने करते, तिने टाकली होती, दोन तासांत लोक त्या पेजवर तुटून पडले, घाणघाण बोलले, आणि नंतर निघालं काय तर त्या बाईलाही तो फोटो फॉरवर्ड होऊनच आलेला, माझ्या त्या कुकरवालीसारखा. त्या बाईने पेजच बंद केलं. ज्याने पहिल्यांदा नाव कापलं तो मजेत, त्याला काय, त्याची दहा पेजं आहेत.

म्हणून मी आता उलटं करते. फोटो मीच देते. ज्यांना विकायचंय त्यांनी मागावेत, नाव ठेवावं, भाव माझ्यापेक्षा किती वर लावायचा ते आधी ठरवावं, आणि दिवस सांगताना पंधरा नव्हे, महिना सांगावा. मजकूर मात्र माझा वापरायचा नाही, स्वतःचा लिहायचा, आणि सासूबाई वापरायच्या असतील तर आपापल्या. यातल्या एकीने तर खरंच स्वतःच्या सासूबाईंबद्दल लिहून पाठवलं, गोधडीशी काही संबंध नव्हता, पण वाचायला मस्त होतं. सगळ्या ऐकतात असं नाही. तो बुलेटवाला अजून आहे, त्याने माझी तक्रार झाल्यावर फोटो काढला आणि पंधरा दिवसांनी आरशासारखा उलटा करून परत टाकला, आता त्यात फरशीचा टवका डावीकडे दिसतो.

त्या बारशाच्या काकूंना मी १९१५ वर फोन करायला सांगितलं, ग्राहक हेल्पलाइन आहे सरकारची. त्यांनी केला, तक्रार नोंदवून घेतली, पण पार्सलवर पाठवणाऱ्याचं नाव म्हणजे नुसती दोन इंग्रजी अक्षरं आणि गोडाऊनचा अर्धा पत्ता, पैसे कुरिअरवाल्याच्या हातात रोख दिलेले, त्यामुळे अजून तरी काही परत आलेलं नाही. मध्ये त्यांचा परत मेसेज आला. म्हणाल्या, ताई तुमची ती उलटी केलेली गोधडी डोळ्यांसमोरून जात नाही हो, तशीच एक लेकीसाठी करून द्या. मी साइज विचारला, रंग विचारले, बाळाच्या आजीच्या, म्हणजे त्यांच्याच, एखाद्या जुन्या मऊ साडीची पट्टी पाठवलीत तर मध्ये लावू म्हटलं. त्या खूश झाल्या. मग जरा वेळाने टायपिंग टायपिंग दिसत राहिलं आणि आलं, "ताई, तुमची खरी आहे हे मला कळलंय, पण माझे ८९९ आधीच गेलेत, तेवढे कमी करता का?"

म्हटलं, काकू, ते त्याच्याकडे गेलेत ना, माझ्याकडे कुठं आलेत. शिपिंग मी घालते, भाव तोच. त्यांनी साडी पाठवलीय, आमसुली रंगाची आहे, काठ धड आहे पण पदर पार गेलाय. दिवाळीनंतरची तारीख दिलीय.